न बसलेल्या घड्या

सकाळी आठला शेकरचं झाकण उघडलं की जो वास येतो, त्याने नवीन मुलं दोन पावलं मागे सरतात. रात्रभर ३७ अंशांवर गरगर हलत वाढलेल्या ई. कोलाय जिवाणूंचा तो वास. त्यात इंडोल नावाचं एक छोटंसं रसायन असतं, आणि हेच इंडोल मोगऱ्यातही असतं. किंचित असेल तर फुलाचा वास, जास्त झालं तर गोठ्याचा. माझी आई वाईहून येताना मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणते. पुण्याला पोचेपर्यंत त्या उमलतात, फडकं सोडताच खोली भरून जाते, आणि त्या वासाच्या तळाशी कुठेतरी मला माझा शेकर सापडतो. आईला हे सांगितलं तेव्हा तिने कळ्या बाजूला ठेवून विचारलं, "म्हणजे जंतूंचा वास आणि देवाच्या फुलांचा वास एकच?" एकच नाही, पण भाऊबंद आहेत, असं मी म्हटलं. तिने थोडा विचार केला आणि गजरा करायला घेतला.

संगणकावर प्रथिनं रचणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी टेक्निशियन आहे. नेमणुकीच्या पत्रावर 'प्रोजेक्ट असिस्टंट' असं लिहिलेलं असतं आणि पत्राची मुदत प्रोजेक्टाइतकीच असते. अशी पाच पत्रं माझ्या फायलीत आहेत. पाहुणे आले की त्यांना आधी पडदे दाखवतात. पडद्यावर रंगीत फितींसारखी वळलेली प्रथिनं सावकाश फिरत असतात. प्रथिन फितींसारखं काढायची ही पद्धत जेन रिचर्डसन यांनी १९८१मध्ये स्वतःच्या हाताने काढलेल्या चित्रांतून रूढ केली. आज एक बटण दाबलं की तशी फीत उमटते, पण ती वळणं आधी एका बाईच्या पेन्सिलीतून आली, हे मला फार आवडतं. पाहुण्यांचा पडद्यांसमोरचा वेळ संपला आणि चहाला अजून अवकाश असला, तर त्यांना कॉरिडॉरच्या टोकाला, ऑटोक्लेव्हच्या अलीकडे, माझ्या खोलीकडे आणतात.

काम कसं चालतं ते सांगते. पलीकडच्या खोलीतली मुलं आठवडाभरात हजारो रचना तयार करतात आणि गाळत गाळत ९६वर येतात. ९६ का, तर आमच्या प्लेटला तेवढे खळगे असतात. ए ते एच अशा आठ ओळी, बारा रकाने. त्या रचनांचे जीन बाहेरून करून मागवतात. येणारी प्लेट रिकामीच वाटते, कारण तळाशी वाळलेला डीएनए डोळ्यांना दिसत नाही. ती उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवून घ्यायची, नाहीतर झाकणाला चिकटलेला कण शेजारच्या खळग्यात पडतो आणि पुढचे दोन महिने दोन रचनांची सरमिसळ होऊन बसते. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात मला मिळालं नाही, माझ्या आधीच्या ताईंनी शिकवलं. मग जिवाणूंना बर्फातून ४२ अंशांच्या पाण्यात ४५ सेकंद, पुन्हा बर्फात. एवढ्यात तो परका जीन आत शिरतो. दुसऱ्या दिवशी आगरवर कॉलन्या दिसतात, मोहरीहून लहान. त्या वाढवायच्या, आयपीटीजी घालून त्यांना प्रथिन करायला लावायचं, स्पिन करून खाली बसवायचं, सॉनिकेटरच्या आवाजाने बर्फावर फोडायचं. मग ते पाणी, म्हणजे लायसेट, निकेल लावलेल्या मण्यांवरून सोडायचं. आमच्या प्रत्येक रचनेला सहा हिस्टिडीनचं शेपूट लावलेलं असतं, ते निकेलला धरून बसतं, बाकीचं वाहून जातं. शेवटी इमिडॅझोल ओतलं की प्रथिन हात सोडतं आणि खालच्या नळीत उतरतं.

दारात कुणीतरी उभं असतं. "ताई, आलं का?"

माझ्या नोकरीतला हा सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही आलं" असं असतं.

प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ, हे आपण शाळेत शिकतो. पण माळ असून भागत नाही, तिची घडी बसावी लागते. घडी हा शब्द आपल्याकडे लुगड्यालाही चालतो आणि संसारालाही, आणि प्रथिनाला तर मला तो नेमकाच वाटतो, कारण घडी घालणं वेगळं आणि घडी बसणं वेगळं. आजी सुती नऊवारीची घडी घालायची तेव्हा लुगडं जुन्या मोडींवरून आपणच दुमडत जायचं, तिचा हात नुसता सोबत फिरायचा. प्रथिनाची घडी तर कुणीच घालत नाही. अमेरिकेत ख्रिश्चन ॲनफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं १२४ मण्यांचं प्रथिन युरिया घालून, आतले बंध तोडून पुरतं उलगडलं. त्यात गंधक असलेले आठ मणी असतात आणि ते दोन-दोन करून एकमेकांना बांधलेले असतात. आठांच्या अशा चार जोड्या लावायच्या १०५ रीती होतात. त्यांनी युरिया काढून टाकला, हवा लागू दिली, आणि ते प्रथिन १०५मधली आपली एकच रीत धरून पुन्हा कामाला लागलं. घडी माळेतच लिहिलेली असते, असा त्याचा अर्थ. १९७२चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. मात्र लिहिलेली असली तरी ती वाचायची कशी? सायरस लेव्हिन्थल यांनी १९६९मध्ये हिशेब मांडला होता की प्रथिन एकेक आकार करून बघत बसलं, तर विश्वाचं वयही पुरणार नाही. प्रत्यक्षात ते काम अनेकदा सेकंदभरातच आटोपतं.

घडी बसण्यामागचं मुख्य कारण मला स्वयंपाकघरात दिसतं. काही मणी तेलकट असतात. पाण्यात तेल जसं आपापल्यात गोळा होतं, आमटीवर तवंग जमतो, तसे हे मणी पाण्यापासून तोंड फिरवून आत जातात आणि पाणी आवडणारे बाहेर राहतात. रचना चुकली की तेलकट बाजू उघडी पडते. मग एकाची तेलकट बाजू दुसऱ्याच्या तेलकट बाजूला चिकटते, त्याला तिसरं, त्याला हजारावं, आणि नळीच्या तळाशी पांढरा साका बसतो. उकडलेल्या अंड्यातही असंच झालेलं असतं. साका बसला की मुलं म्हणतात, "क्रॅश झालं." मी वहीत 'साका' असंच लिहिते.

ज्यांच्यामुळे आपण हे सगळं करू शकतो, त्यांतले एक मद्रासचे जी. एन. रामचंद्रन. १९६३मध्ये त्यांनी, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्याबरोबर, एक साधा वाटणारा प्रश्न सोडवला. माळेच्या प्रत्येक सांध्याला दोन कोन असतात. ते कसेही फिरवता येतील का? अणूंना जागा लागते, ते एकमेकांवर आदळतात. म्हणून बहुतेक कोन बाद होतात आणि काही थोडेच उरतात. उरलेल्या कोनांचा त्यांनी नकाशा काढला. हा नकाशा मला एखाद्या गावाच्या शिवाराच्या नकाशासारखा वाटतो. इथे वस्ती, इथे खडक, इथे कुणी राहूच शकत नाही. ग्लायसीन हा सर्वांत लहान मणी, त्याला शिवारभर मोकळीक. प्रोलीनचे पाय बांधलेले. आज जगात कुठेही प्रथिनाची रचना तपासायला घेतली तर ती या नकाशावर ठेवून बघतात. आमची मुलंही ठेवतात. नवीन मुलगा आला की मी त्याला विचारते, रामचंद्रन प्लॉट म्हणतोस ना, ते रामचंद्रन कोण ते माहीत आहे? माहीत नसेल तर सांगते. त्या दिवशी त्याचं काम पंधरा मिनिटं खोळंबतं, आणि ते खोळंबणं मला योग्य वाटतं.

मुलींना मी आणखी एक नाव सांगते. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. दुर्गाबाई घरोघरी वाचल्या जातात, कमलाबाईंचं काम मात्र बायोकेमिस्ट्री शिकलेल्यांनाही ठाऊक नसतं. १९३३मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या हटून बसल्या आणि तो त्यांनी मिळवला. तिथे त्यांनी डाळींतल्या आणि दुधातल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९मध्ये पीएच. डी. घेतली, परत आल्यावर मुंबईच्या विज्ञानसंस्थेत नीरेवर काम केलं. डाळ, दूध, नीरा. घरात शिजतं, वाटीत ओतलं जातं, तेच त्यांनी नळीत घेतलं. माझ्या खोलीत नळ्या आहेत, प्लेट्स आहेत, रोबोटसारखा एक पिपेट आहे, पण प्रथिन पाण्यातून वेगळं काढायचं ते काम तेच आहे, आणि ते हातानेच शिकावं लागतं.

नळीत उतरलेलं प्रथिन तपासायला ते वजनाप्रमाणे वेगळं करणाऱ्या जेलवर चालवतो, आणि मग ती जेल निळ्या रंगात बुडवतो. त्या रंगाचं नाव कूमासी. आफ्रिकेतल्या कुमासी या शहरावरून ते पडलं, आणि हा रंग मुळात लोकर रंगवायचा. लोकर म्हणजेही प्रथिनच, त्यामुळे तो आमच्याकडे आला यात नवल नाही. रंग धुतला जातो तसतसा जेलवर एकेक निळा पट्टा वर येतो. आमच्या रचनेच्या वजनाशी पट्टा असला तर 'आलं'. त्यानंतर एक कॉलम असतो, त्यात आकाराप्रमाणे वेगळं करतात. नवीन मुलांना वाटतं की लहान आधी बाहेर येत असेल. होतं उलट. कॉलममधल्या मण्यांना बारीक भोकं असतात. पुण्याच्या पेठांमध्ये सायकल प्रत्येक बोळात शिरते आणि उशिरा पोचते, ट्रक मोठ्या रस्त्याने सरळ निघून जातो, तसं मोठं प्रथिन आधी बाहेर पडतं. एकट्या सुट्या प्रथिनाचा सुबक, उंच, एकच डोंगर कागदावर उमटला की खोलीतलं बोलणं थांबतं. एकदा असं एक प्रथिन आम्ही ९५ अंशांपर्यंत तापवलं. त्याची घडी मोडली नाही. आम्ही करेपर्यंत जगात कुठल्याच जिवाच्या पोटात ते नव्हतं, आणि ते माझ्या हातातल्या नळीत होतं. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेले, बस घ्यावीशी वाटली नाही.

चूक झालेला दिवसही सांगायला हवा. एकदा मी स्पिननंतर प्लेट उलट्या बाजूने उचलली. ए-१ होता तिथे एच-१२ आला, एच-१२च्या जागी ए-१. ९६ खळगे, सगळ्यांची नावं उलटी. पुढे दोन दिवस मी त्या उलट्या नावांनी काम केलं. लक्षात आलं ते हिरव्या रंगामुळे. समुद्रातल्या जेलीफिशमध्ये चमकणारं एक हिरवं प्रथिन असतं, २३८ मण्यांचं, त्या प्लेटच्या ए-१ मध्ये तपासणीसाठी मी ते घातलं होतं. तिसऱ्या दिवशी निळ्या दिव्याखाली प्लेट धरली तर हिरवा ठिपका एच-१२ मध्ये. मी लगेच सरांकडे गेले आणि सांगितलं. ते म्हणाले, "वहीत लिहा, तारखेसकट." लिहिलं. ते पान अजून आहे. त्या पानामुळे पुढे दोन मुलींची तीच चूक वेळेत सापडली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, तिकडे येते.

२०२०च्या शेवटी अल्फाफोल्ड नावाच्या संगणकी यंत्राने माळेवरून घडी ओळखून दाखवली. दर दोन वर्षांनी होणारी घडी ओळखण्याची जागतिक परीक्षा १९९४पासून चालू होती, पण असा निकाल तोवर कधीच लागला नव्हता. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना, आणि नवी प्रथिनं रचण्यासाठी सिएटलच्या डेव्हिड बेकर यांना मिळालं. बेकर यांच्या गटाने निसर्गात नसलेल्या घडीचं, ९३ मण्यांचं 'टॉप-७' हे प्रथिन २००३मध्येच करून दाखवलं होतं. २०२४चं ते नोबेल जाहीर झालं त्या दिवशी आमच्याकडेही पेढे आले. मी आनंदाने दोन खाल्ले.

पण ते यंत्र शिकलं कशावरून? प्रोटीन डेटा बँक १९७१मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. त्यापूर्वी केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू यांनी देवमाशाच्या स्नायूतल्या मायोग्लोबिनचा आकार शोधला, त्याला कित्येक वर्षं लागली. क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांचा काळेपणा मोजायला तिथे मुली नेमलेल्या होत्या. ठिपका मोजायचा, आकडा लिहायचा, पुढचा ठिपका. असे हजारो. ते आकडे मग एडसॅक नावाच्या सुरुवातीच्या संगणकात जायचे. म्हणजे या शास्त्रात संगणक पहिल्यापासूनच आहे, आणि त्याच्या अलीकडे बसून आकडे लिहिणारी बाईही पहिल्यापासूनच आहे. त्या सातांपासून वाढत वाढत अल्फाफोल्ड शिकायला बसलं तोवर सुमारे १ लाख ७० हजार रचना जमल्या होत्या. प्रत्येकीमागे कुणीतरी शेकर उघडला होता, कुणीतरी साका फेकून पुन्हा सुरुवात केली होती. ती बँक सगळ्यांना खुली आणि फुकट होती म्हणून हे घडलं. हे श्रेय द्यायला कुणी विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्या बँकेत फक्त बसलेल्या घड्या आहेत. न बसलेल्या तिथे जमा करायची सोयच नव्हती. शोधनिबंधात ९६ पैकी ११ रचनांची चित्रं छापली जातात, उरलेल्या ८५ एका वाक्यात आटोपतात. त्या ८५ कुठे असतात? माझ्या वहीत. सी-३, कॉलनीच नाही. डी-९, पट्टा आहे पण सगळा साक्यात. एफ-२, १८ अंशांवर ठेवल्यावर थोडं विरघळलं, ३७वर अजिबात नाही. जी-११, लायसेट दुधाळ. घडी बसेल म्हणून यंत्राने या सगळ्यांना ९०च्या वर गुण दिलेले होते. यंत्राला हे कळायला मार्ग नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने माझ्या जुन्या वह्या मागून घेतल्या. तीन वेगळ्या प्रोजेक्टांच्या, तीन वेगळ्या मुलांच्या प्लेट्स होत्या, आणि तिन्हींमध्ये मी काही खळग्यांपुढे 'दुधाळ' असं लिहिलं होतं. त्याने त्या सगळ्या माळा एकाखाली एक मांडल्या. बहुतेकांत एका वेटोळ्याच्या टोकाला ल्यूसीनचे तेलकट मणी उघडे पडलेले निघाले. तिन्ही मुलांनी ते आपापल्या चित्रात बघितलं होतं, पण एकत्र कुणी बघितलं नव्हतं. पुढच्या प्लेटला ती टोकं बदलली. सगळ्या काही आल्या नाहीत, काही दुधाळ राहिल्याच, पण आधीच्या तिन्ही प्लेट्समध्ये मिळून जितक्या आल्या होत्या त्यांहून जास्त त्या एकीत आल्या. तो मुलगा दारात आला तेव्हा पहिल्यांदाच "आलं का?" न विचारता म्हणाला, "ताई, तुमच्या वहीत होतं."

यापूर्वी मी जिथे काम करत होते, तिथे प्रोजेक्ट संपला तेव्हा कपाटं रिकामी करायला सांगितलं. निबंध छापून झाले होते, विद्यार्थी आपापल्या गावी आणि देशी गेले होते. नऊ वह्या होत्या. त्यांत माझ्या चार, बाकीच्या माझ्या आधीच्या ताईंच्या, प्लेट फिरवून घ्यायला शिकवणाऱ्या. ऑटोक्लेव्हवाले काका जुनी खोकी बांधत होते, त्यांनी मला हाक मारली. मी पोचेपर्यंत वह्या वर्तमानपत्रांबरोबर तराजूत गेल्या होत्या. काकांनी त्यांतली एक काढून घेतली होती, तेवढी माझ्याकडे आहे. ताईंच्या अक्षरातली आहे. तिच्यात १४२ प्रथिनांची नावं आहेत आणि १०० हून जास्त नावांपुढे 'नाही' लिहिलेलं आहे, तापमानासकट.

तुम्ही अशा एखाद्या प्रयोगशाळेत काम करत असाल, हाताने किंवा संगणकावर, तर 'आलं नाही' हे पूर्ण अक्षरांत लिहा, माळेसकट, तारखेसकट. छापायला निघालात तर ८५च्या ८५ नोंदी जोडा, कुणी मागितल्या नाहीत तरी जोडा. आणि प्रोजेक्ट संपला की वही रद्दीत जाऊ देऊ नका, पुढच्या माणसाच्या हातात द्या.